एका इंजिनावर

माणसाने आकाश जिंकलं, असं म्हणतात. पण परीक्षकाची सही झाल्याशिवाय ते जिंकलेलं धरत नाहीत. केतकी तर एकाच उड्डाणात दोन परीक्षा देत होती: वैमानिकाचा परवाना आणि दोन इंजिनांचं विमान चालवायची परवानगी. शेजारी परीक्षक कॅप्टन रेगे. बायको गेल्यानंतर आज पहिल्यांदाच कामावर आलेले.

वर गेल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे उजव्या इंजिनाची ताकद काढून घेतली. "हे गेलं. आता?"

"उरलेल्यावर न्यायचं, सर."

तिने विमान सावरलं. एवढं झालं की परीक्षक इंजिन परत देतो. रेगे मात्र खिडकीबाहेर नुसत्याच फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. मागायचा तिला धीर होईना. तिने विमान तसंच उतरवलं.

"इंजिन मागितलं का नाहीस?"

"वाटलं, परीक्षेतलंच असेल."

"नव्हतं गं. मी विसरलो. पास, दोन्हींत."

केतकी पट्टा सोडून उतरली. रेगे हलले नाहीत.

"सर, घरी नाही जायचं?"

"जायचंय की. पण आता कुलूप मलाच उघडावं लागतं." मग म्हणाले, "कँटीनमध्ये तेवढं सांग, माझा चहा इथेच पाठवा."