किल्ली परत
बारा मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे, प्रवासी दोन. मेट्रोच्या जिन्यांनी बायकोचे गुडघे सुजले, म्हणून त्याने सुट्टीच्या उरलेल्या दिवसांसाठी गाडी भाड्याने घ्यायचे ठरवले. जन्मभर कारखान्यात माल तपासलेला माणूस; किल्ली हातात घेऊन त्याने गाडीभोवती सावकाश फेरी मारली. “काका, भाड्याने घेताय की विकत?” कारकून हसला. “गाडी निर्दोष आहे,” फेरी संपवून नवऱ्याने निर्वाळा दिला. बायको ज्या दारापाशी उभी होती, त्यावर तळहाताएवढा पोचा होता. तिने त्याचा हात धरून बोटे खळग्यात टेकवली. “कधीपासून नीट दिसत नाही?” “वर्ष झालं.” “आणि मला शेजारी बसवून चालवणार होतात?” “तुझे गुडघे…” “अहो, दुखले तर दुखू देत.” त्याने किल्ली परत केली. मेट्रोच्या जिन्याच्या तोंडाशी तिने कठडा धरला, त्याने तिचा दंड. दोघेही उतरले, पायऱ्या बेचाळीस.