केळुसकरांची खुर्ची

"हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही," म्हणत केळुसकरांनी नव्या इंजिनिअर शर्वाणीला आपली खुर्ची दाखवली. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात, सूक्ष्म कण टिपणाऱ्या डिटेक्टरला खेटूनच ती मांडलेली होती. कणाची पुसटशी चाहूलही मोठी करून दाखवणारा प्रीअँप त्यांनी याच खुर्चीत बसून जुळवला, आणि चूक तिथंच झाली. जुळवता जुळवता त्यांचं शरीरच सर्किटचा भाग होऊन बसलं. म्हणून गेली सहा वर्षं त्यांचं जेवण, झोप, सगळं इथंच. आंघोळीपुरता तेवढा प्रयोग थांबायचा. वर गावात नात चालायला लागली होती, तीही त्यांनी फोनवरच पाहिली.

"थापा मारताय, सर," शर्वाणी हसली.

ते उठले. स्क्रीनवरची सरळ रेघ पिसाळल्यासारखी नाचू लागली.

"आता तू बस बघू."

ती बसली आणि रेघ निमूट सरळ झाली. मुलाखतीत त्यांनी तिचं वजन उगाच विचारलं नव्हतं.

"दहाच मिनिटं हं. वर जाऊन चहा घेऊन येतो," म्हणत त्यांनी खुर्चीमागून काहीतरी काखोटीला मारलं.

"चहाला जाताना वळकटी कशाला लागते, सर?"