गाव्रिलचा मासा

"यावर तुम्ही कुणीही विश्वास ठेवणार नाही," ग्लास भरून घेत म्हातारा पर्वू म्हणाला, "पण तो मासा ह्या गुत्त्यापेक्षा लांब होता!"

"मागच्या खेपेला होडीएवढा होता," गुत्तेवाला स्तांचू म्हणाला.

"मग? वाढत्या वयाचा होता तो."

ओसरीवरची माणसं हसली. पायरीवर बसलेली साफ्ता तेवढी हसली नाही. त्या माशाच्या गोष्टीत तिचा मुलगा गाव्रिल होता.

मृतांचा शनिवार होता. बायका चर्चमधून निघून दारोदार गोड गव्हाच्या वाट्या वाटत होत्या, प्रत्येक वाटीत एक पेटती मेणबत्ती. साफ्ताचे हात रिकामे होते. मेलेल्याच्या नावानं गहू वाटले नाहीत, तर तो तिकडं उपाशी फिरतो. आणि जिवंत माणसाच्या नावानं वाटले, तर तो मरतो. गाव्रिल दोन्हीपैकी कोण, हे तिला कुणी सांगत नव्हतं.

महायुद्धाची पहिली दोन वर्षं आपला देश कुणाच्याच बाजूला नव्हता. दोन्हीकडचे आपला मका घ्यायचे, आणि आपण शेजाऱ्यांची घरं जळताना बघायचो. मग एका ऑगस्टमध्ये राजेसाहेबांनी बाजू निवडली. घंटा वाजल्या, पोरांनी टोप्यांत झेंडूची फुलं खोवली, स्तांचूनं पिंप फोडलं. पंधरवडा उलटायच्या आत डॅन्यूबकाठचा तुर्तुकायाचा किल्ला पडला आणि आपल्या फौजेच्या पाठीमागं नदीशिवाय काही उरलं नाही. युद्ध संपलं तेव्हा देश दुप्पट झाला होता. गाव अर्धं झालं होतं.

त्या किल्ल्यावर गाव्रिल शिपाई होता, आणि पर्वू फौजेची गाडी हाकायला. पर्वू एकटा परत आला त्या दिवशी साफ्तानं त्याला फाटकाशीच अडवलं, आणि त्याच्या तोंडून मासा निघाला. तेव्हापासून तो वाढतच होता.

"तर आमचे कप्तानसाहेब काठावर उभे," पर्वू सांगू लागला. "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो." त्यानं ग्लास कलता करून चार थेंब जमिनीवर सांडले.

"पाज, पाज! माझी जमीन रोज झिंगते तुझ्यापायी," स्तांचू म्हणाला.

"मेलेल्यांना तहान लागते बाबा. बरं, इकडं हा वासिले लोहार, पायात गोळी, बैलासारखा ओरडतोय..."

कोपऱ्यातून वासिलेनं कुबडी उगारली. "माझ्यासाठी नाही का सांडत?"

"जिवंताच्या वाटणीचं मीच पितो." पर्वूनं घोट घेतला. "आणि आपला गाव्रिल!" त्याचा हात हलला, मग त्यानं मिशा पुसल्या. "गाव्रिलनं मारली उडी. सगळे बुडतायत, आणि हा पठ्ठ्या माशाच्या मिशा धरून बसलाय, लगाम धरावा तशा! मासा सुटला तो थेट समुद्रात. तिथं एका गलबतानं दोघांनाही उचललं. माशाचं कालवण झालं, आणि गाव्रिल उतरला पार तिकडं ओदेसा बंदरात. पाववाल्या विधवेच्या घरी. आता गालफडं ही एवढी!"

"आईला विसरला म्हणा की," कुणीतरी म्हणालं.

"विसरेल कसा? रस्ते बंद आहेत तिकडचे. नाहीतर चालत आला असता."

साफ्तानं नेहमीचा प्रश्न विचारला. "थंडीचं काही आहे का त्याच्या अंगावर?"

"मेंढीच्या कातड्याचा कोट आहे, वहिनी. विधवेनं स्वतः शिवलाय."

दरवेळी एवढं ऐकून ती उठून जायची. आज उठली नाही. ती पर्वूच्या तोंडाकडं बघतच नव्हती. त्याच्या बुटांपाशी जमिनीवर दोन ओले डाग होते. एक कप्तानाचा, सुकत आलेला. दुसरा ताजा. तिनं वाकून त्या ताज्या डागावर बोट ठेवलं. पर्वूनं खाली पाहिलं, मग हातातल्या ग्लासाकडं, जणू तो ग्लास दुसऱ्याच कुणाचा होता.

"खोटं आहे हे, पर्वूभाऊ," साफ्ता म्हणाली. "माझ्या पोराचं नाव घेतलंत आणि थेंब सांडलात." तिनं बोट झग्याला पुसलं. "तीन वर्षं उपाशी ठेवलंत तुम्ही त्याला."