एकतिसावं मिनिट

“तो शब्द काढा,” खिळा म्हणाला. “आजच्या आज काढा, नाहीतर हा अल्बम बाहेर पडत नाही.”

साउंडवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. भर दुपारी पडदे ओढलेल्या त्या खोलीत तिघंच होते. बाई यंत्रापाशी, खिळा दारापाशी, आणि त्याच्यापासून जमेल तितक्या लांब, दुसऱ्या बँडचा मिशीवाला ड्रमर. खिळा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ठेका एकदा ठोकला की हलायचा नाही, म्हणून बँडात पडलेलं. आणि मिशीवाला म्हणजे गेल्या वर्षापर्यंत त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

लग्न मोडलं, करार मोडला नाही. दोन बँडनी मिळून एक कार्यक्रम करायचा आणि तो जसाच्या तसा रेकॉर्ड करून अल्बम काढायचा, हे आधीच ठरलेलं. बहीण म्हणाली होती, “वाजव त्याच्याबरोबर, तुझं काम आहे ते. पण आपल्या घरातलं नातं त्याला परत द्यायचं नाही. वचन दे.” खिळ्याने दिलं होतं. मग स्टेजवर दोन ड्रमसेट समोरासमोर मांडले गेले आणि चाळीस मिनिटं दोघं एकमेकांना खाऊ की गिळू अशा नजरेने बघत वाजवत राहिले.

बाईंनी ती जागा पुन्हा लावली. एकतिसावं मिनिट. एक गिटार करवतीसारखी चालतेय, दुसरी पत्रा ओढत नेल्यासारखी, आणि खाली तेरा मात्रांचं चक्र. मध्येच मिशीवाल्याचा ठेका तुटतो. त्याच्या मात्रा हरवल्या होत्या. एक चक्र रिकामं गेलं, दुसरंही गेलं. श्रोत्यांना वाटलं, मुद्दामच थांबलाय. प्रयोगशील संगीताचा हा मोठा फायदा. मग तेराव्या मात्रेला खिळ्याचा आवाज येतो, अगदी खणखणीत.

“दाजी, एक.”

आणि त्या ‘एक’वर मिशीवाला बरोबर आत येतो.

खिळ्याचे कान तापले. आपलीच जीभ अशी फितूर निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. बहीण हा अल्बम ऐकणार, कानात हेडफोन घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टाचणी पडली तरी तिच्या कानातून सुटत नाही. तिला काय तोंड दाखवायचं?

“ओरडायला कोणी सांगितलं होतं?” मिशीवाला बाईंकडे बघत म्हणाला. “विचारा ह्यांना. माझा मी आलो असतो.”

“आला असता की,” खिळाही बाईंनाच म्हणाला. “पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात.”

“ह्यांचे उपकार मला रेकॉर्डवर नकोत. काढा तो शब्द.”

“मी काही तुमचा निरोप्या नाही,” बाई म्हणाल्या. “आणि शब्द निघत नाही. स्टेजवर चौदा माइक होते, चौदांतही गेलाय. तो काढायचा तर तिथलं तुमचं दोघांचं वाजवणंच कापावं लागेल.”

अख्ख्या अल्बमचा जीव त्याच जागेत होता. त्यानंतर दोघांनी जे वाजवलं होतं, तसं दोघांनाही पूर्वी कधी जमलं नव्हतं. शेवटी मिशीवाला उठला.

“वरून झांज मारतो. शब्दावर एक दणदणीत झांज पडली की विषय संपला.”

“लाइव्ह अल्बम आहे,” बाई म्हणाल्या. “मागाहून काडीही घालायची नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय.”

“ते मोडलं तरी चालेल,” दोघं एकदम म्हणाले. वर्षभरात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

मिशीवाला काचेपलीकडच्या खोलीत गेला. हेडफोन चढवून त्याने काठी उचलली. बाईंनी लावलं. ‘दाजी’ला हात वर गेला, ‘एक’वर झांज कडाडली. अगदी नेमकी, केसाचाही फरक नाही. आणि ‘दाजी’ तसाच उघडा.

“आधी मारा,” बाई म्हणाल्या. “हाकेवर. एकावर नाही.”

त्याने मान डोलावली. पुन्हा लावलं. पुन्हा हात वर गेला, क्षणभर थांबला आणि एकावरच उतरला. तिसऱ्यांदाही तेच. पाचव्यांदा त्याने ओठ घट्ट मिटून घेतले, तरी तेच. सातव्यांदा त्याने काठी भिंतीवर भिरकावली आणि मग निमूट जाऊन उचलून आणली.

“मुद्दाम करतोय,” खिळा म्हणाला. पण तो स्वतः ड्रमर होता. मुद्दाम चुकणारे हात त्याने पुष्कळ पाहिले होते, आणि हा तसला नव्हता, हे त्याला पहिल्याच खेपेला कळलं होतं. त्याचा त्याला आणखीच राग आला. पुढे वाकून त्याने पलीकडे बोलायचं बटण दाबलं. “तेराव्या मात्रेवर मार. शेंबड्या पोरालाही कळेल.”

काचेपलीकडून मिशीवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे पाहिलं.

“मात्रा हरवतेय माझी,” तो म्हणाला. “तू मोज.”

“एकदा मोजलं, तेच निस्तरतोय,” खिळा म्हणाला आणि त्याने बटणावरचं बोट काढलं. “लावा, बाई.”

बाईंनी लावलं. काचेपलीकडे हात वर गेला, आणि हाक संपेपर्यंत तिथेच थांबून राहिला.