गुणवंता भेला

"भेलो," गुणवंता म्हणाला आणि त्यानं वही मिटली.

सलोनी दारात केस विंचरत उभी होती. तिनं बापाकडं वळूनही पाहिलं नाही. "बाबा, नाटकं नोका करू."

"अवं, खरंच भेलो! भेव लागला मले!"

"मागल्या पोळ्याले तुमी असेच खरंच मेलते. आईनं बांगड्या फोडाले दगड उचलला, तवा उठले."

गुणवंता डोकं खाजवत बसला. पोरगी खोटं बोलत नव्हती. गावात त्यानं भेव दाखवला नाही असं एकही घर उरलं नव्हतं. आता आयुष्यात एकदा खरं बोलायची पाळी आली, तर ऐकायला कोणी तयार नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळीच सलोनीनं कॉलेजच्या लायब्ररीतली अद्भुत आणि भुताच्या गोष्टींची तीन पुस्तकं त्याच्या खाटेवर आणून टाकली होती, आणि वर स्वतः लिहिलेल्या गोष्टीची वही. "हे तीन आधी वाचा, मंग माझं. त्याइच्याहून जास्त भेव लागला तरच गोष्टीच्या स्पर्धेले पाठवतो. सोमवारी शेवटची तारीख हाये. नाई लागला तर वही चुलीत."

शेंगा फोडत फोडत त्यानं तिन्ही पुस्तकं संपवली. ढगातलं राज्य आणि उडणारे घोडे त्याला लई आवडले. बंगल्यातल्या भुतांना मात्र तो पोट धरून हसला. "हे भूत आपल्या गावात आलं ना, तर पोट्टे त्याच्यासंगं सेल्फी काढतीन," असं त्यानं बायकोला, विमलला, स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

रविवारी जेवणं झाल्यावर वही उघडली. वहीत बंगला नव्हता. होती घरातलीच एक खोली, छतापर्यंत कापूस भरलेली. कापसाच्या ढिगात हात घातला की आत ऊब लागते, हे गावात लहान लेकरालाही ठाऊक. सलोनीच्या गोष्टीतली बाई त्या उबेत हात घालते, आणि आतून कोणीतरी तो धरतं. ओढत नाही. नुसता धरून ठेवतं.

त्या पानावर गुणवंताच्या तोंडातला शेंगदाणा चावायचा राहून गेला.

सलोनी अजून बापाचं खरं मानायला तयार नव्हती, तोच बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. टेम्पोवाला अब्दुल गनी आला होता. सोमवारी सकाळी दिग्रसच्या जिनिंग कारखान्यावर घरचा कापूस पोचवायचा, म्हणून टेम्पोत भरती आजच. दरवर्षी घरातली कापसाची खोली उघडली की पहिला गुणवंताच ढिगावर चढायचा आणि वरून कापूस खाली लोटायचा. एका साली त्यानं ढिगात दडून गनीचा पाय धरला होता. गनी टेम्पो तिथंच टाकून पायी दिग्रसला गेला होता.

गुणवंतानं खोलीची कडी काढली. आत छताला टेकलेला पांढरा ढीग. त्याचा एक पाय उंबरठ्यावर पडला. दुसरा उचलेचना.

"क्या हुआ गुणवंतभाऊ? घुसा ना."

"घुसतो ना."

घुसला नाही. विमल स्वयंपाकघरातून डोकावली. सलोनीचा कंगवा केसातच थांबला. कंबर धरली म्हणावं, हे गुणवंताच्या जिभेवर आलंही होतं. असल्या थापा त्याला झोपेतसुद्धा सुचायच्या. त्यानं ही थाप गिळली.

"गनीभाई, मले भेव लागून राह्यला. तुमी चढा पयले."

गनीच्या हातातलं कापूस बांधायचं चवाळं खाली पडलं. "कोणाले? तुमाले?" आणि तो हसत हसत टेम्पोला टेकला, डोळ्यांतून पाणी आलं. "या अल्ला! आज स्टँडवर सांगतो ना सगळ्याइले! गुणवंता कापसाले भेला!"

"सांगा. हॉटेलात सांगा, जिनिंगवर सांगा. पण कोनं भेव दाखवला तेही सांगजा. पुरं नाव सांगजा. सलोनी गुणवंत इंगोले."

सलोनी हसली नाही. ती बापाच्या हाताकडं पाहत होती. मनगटापासून कोपरापर्यंत सगळे केस उभे होते.

"असं काय लिवलं हाये बेटा?" गनीनं डोळे पुसत वही मागितली. टेम्पोच्या पायरीवर बसून त्यानं चार पानं वाचली. पाचव्या पानावर त्यानं एकदा खोलीच्या दाराकडं पाहिलं. वही मिटली, दोन्ही हातांनी परत दिली.

"दुपट्टा कंबरेले बांध बेटा," तो म्हणाला. "तूच चढ."

सलोनीनं दुपट्टा बांधला. "बाबा, उद्याच्याले पाठवतो मी," म्हणाली, आणि ढिगात पाय रोवत वर गेली.

"हळू वं माय!" गुणवंता ओरडला.

तिचं डोकं छताला लागलं. वरून कापूस धबाधबा खाली येऊ लागला. दारात गुणवंता छाती काढून उभा होता, शेजारी गनी. उंबरठ्याच्या आत मात्र दोघांपैकी कोणाचाही पाय नव्हता.