शेजारची सीट

रेल्वे रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि फलाटावर एकच आरडाओरडा सुरू झाला. बाबांनी मात्र बॅग उचलली आणि सरळ बाहेरचा रस्ता धरला.

"घरी?" आईने विचारलं.

"घरी कशाला? समुद्र नाही तर नाही. दिसेल त्या रस्त्याने जाऊ. गाडी आहे ना आपल्याकडे!"

आपल्याकडे म्हणजे बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची. मागेपुढे लाल रंगातला 'एल', आणि शेजारच्या सीटपाशी शिकवणाऱ्यासाठी बसवलेला जास्तीचा ब्रेक. धाकटीनेच ती सकाळी स्टेशनवर चालवत आणली होती. बाबांनी आता तिच्यापुढे हात केला. "चावी."

धाकटीने चावी मुठीत घट्ट धरली. बाबांनी सत्तरी ओलांडली तसा दादा हात धुऊन मागे लागला होता, की यापुढे त्यांच्या हाती गाडी द्यायची नाही. बाबांच्या बाजूने भांडणारी ती एकटी. अर्ध्या शहराला ज्यांनी गाडी शिकवली, त्यांना आपण शहाणपण शिकवायचं? शेवटी ती दादाला म्हणाली होती, "एकदा मी स्वतः बघते. मला पटलं, तर मीच चावी मागून घेईन."

तिने चावी दिली.

"तू पुढे बस," आई म्हणाली. "मला पाय पसरायचेत."

शहर मागे पडलं, दोन्हीकडे शेतं लागली. बाबा खुशीत आले आणि त्यांचं ठेवणीतलं भाषण सुरू झालं. घरातल्या सगळ्यांना ते तोंडपाठ होतं.

"शिकवणाऱ्याचा पाय शिकणाऱ्याला कळता कामा नये. गाडी आपणच थांबवली असं त्याला वाटलं पाहिजे. एकदा का त्याला कळलं, की त्याचा धीर सुटला."

"हो बाबा."

कॉलेज संपल्यावर धाकटीने ही शेजारची सीट मागितली होती. "गाडी चालवणं वेगळं, दुसऱ्याने चालवलेली सांभाळणं वेगळं," असं म्हणून बाबांनी तिला ऑफिसातल्या टेबलामागे बसवलं. तेव्हापासून ती फोन घेत होती आणि लोकांच्या वेळा लावत होती. तिने पुन्हा विचारलं नाही. तीही त्यांचीच मुलगी होती, मानी.

मग तिचं लक्ष बाबांच्या हाताकडे गेलं. एकच हात स्टिअरिंगवर होता. दुसरा हँडब्रेकवर निवांत पडला होता. चाकावरचा एक हात सुटला तरी शिकणाऱ्याला सोलून काढणारे बाबा! तिला ते पाहवेना.

वळण संपलं आणि समोर मेंढ्याच मेंढ्या. रस्ताभर पसरलेल्या. गाडी काही हळू होईना. बाबा पुढे बघत होते, पण त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. धाकटीचा पाय आपसूक खाली गेला. हलकेच, मग थोडा जास्त. गाडी मेंढ्यांपासून चांगलं अंतर राखून थांबली.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "लोण्यातून सुरी फिरावी तशी थांबवली."

धाकटीने पाय अलगद उचलला. "तुमचा हात कोण धरणार, बाबा!"

मागे आई संत्रं सोलत होती. शेजाऱ्यांच्या स्कूटरवरसुद्धा डोळे गच्च मिटून बसणारी आई. "सालं कुठे टाकू गं?" एवढंच तिने विचारलं.

पुढे शेतातून एक ट्रॅक्टर अचानक आडवा आला, तेव्हाही तेच झालं. नंतर उतारावरच्या अरुंद पुलापाशीही तेच. दर वेळी धाकटीचा पाय गुपचूप काम करायचा, दर वेळी बाबांची छाती फुगायची. मागून येणारा एक ट्रकवाला लाल 'एल' बघून हसत पुढे गेला, तर बाबांनी त्याला थाटात हात केला.

धाकटी रडायच्या बेतात आली होती. दादाचंच खरं ठरलं होतं. तरी या माणसाचा तिला अभिमानच वाटत होता. त्यांनीच शिकवलेलं ती त्यांच्यावर वापरत होती, आणि त्यांचा धीर आपल्यामुळे सुटू द्यायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा एक तलाव दिसला. काठावर दोन बस उभ्या होत्या आणि मधे जेमतेम गाडीपुरती जागा. "बाबा, पुढे लावू या," ती घाईने म्हणाली. तोवर बाबांनी मान वळवून गाडी मागे घेतली होती. एका दमात, दोन्ही बाजूंना वीतभर जागा राखून. धाकटीचा पाय ब्रेकवर पोचलासुद्धा नाही. जुनी सवय, तिने स्वतःला समजावलं. हात विसरत नाहीत, डोळेच दगा देतात.

तिघं काठावर उभी राहिली. वारा छान सुटला होता. आता बोलायलाच हवं होतं.

"बाबा," तिने मनाचा हिय्या केला. "चावी द्या मला. आजची नाही म्हणत. कायमची."

बाबांनी खिशातून चावी काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

"देणारच होतो. उद्या सकाळची बॅच तुझी. शेजारच्या सीटवर तू बसायचं."

"मी?"

"मग काय मी? दिवसभर हँडब्रेक धरून बसलो होतो," बाबा म्हणाले, "एकदाही ओढायची वेळ आणली नाहीस."