दारावरचं नाव

समाईक मेकअपरूममधल्या एकाही आरशावर फुमिएबाईंच्या नावाची चिठ्ठी नव्हती. टोकियोच्या सिनेमा-नाटकांत चाळीस वर्षं मोलकरणीच रंगवलेल्या त्या नटीनं सगळे आरसे पुन्हा एकदा तपासले. पहिल्यांदाच मिळालेली नायिकेची भूमिका हातची गेली की काय?

"अहो बाई, तुम्ही इथे कशा? नायिकेची खोली रंगमंचाला लागून असते ना!" कपडेपट सांभाळणारी ओरडली.

फुमिएबाई पळतच निघाल्या. त्या खोलीच्या दाराला नवाकोरा जांभळा पडदा होता आणि त्यावर, रिवाजाप्रमाणे, नायिकेचं नाव. त्यांचं!

याच दारातून त्यांनी कितीतरी नायिकांना चहा नेऊन दिला होता. सवयीनं त्या बाहेरच थांबल्या, वाकल्या. "आत येऊ का?"

आत कोण होतं बोलायला?

फुमिएबाईंना हसू फुटलं. मग त्यांनीच खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "या, बाई! केवढी वाट बघायला लावलीत!"